दोन घटना स्वतंत्र आहेत की परावलंबी, हे ओळखायचं कसं?

तुमचे दोन प्रश्न आहेत: स्वतंत्र घटना ओळखायच्या कशा, आणि परस्पर अपवर्जी घटना, म्हणजे एकाच वेळी घडूच न शकणाऱ्या घटना, म्हणजेच स्वतंत्र घटना का. दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी देतो. नाही, उलट टोक आहे. फाशावर 2 पडला असं कळलं की 5 पडण्याची संभाव्यता थेट शून्य. याहून परावलंबी आणखी काय असणार?

आता पहिला. कोल्हापुरात मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना गणित शिकवतो. 'एकमेकींशी संबंध नसलेल्या घटना' ही व्याख्या बहुतेकांना तोंडपाठ असते. पण संबंध आहे की नाही, ते अंदाजानं ठरवतात आणि तिथंच गणित चुकतं. ते आकडा काढूनच ठरवायचं. अ घडली एवढं कळल्यावर ब ची संभाव्यता बदलली का? नाही बदलली तर स्वतंत्र, बदलली तर परावलंबी.

एकच फासा घ्या, एकदाच टाका. अ म्हणजे सम संख्या, ब म्हणजे 4 किंवा त्याहून लहान संख्या. ब ची संभाव्यता 4/6, म्हणजे 2/3. आता सम संख्या पडलीय असं मी तुम्हाला सांगितलं. उरले 2, 4 आणि 6. त्यातले दोन ब मध्ये बसतात, म्हणजे पुन्हा 2/3. फासा एक, टाकणं एक, तरी घटना स्वतंत्र! आणि ब ची अट '3 किंवा त्याहून लहान' केली की आधी 1/2, सम कळल्यावर 1/3. झाल्या परावलंबी. वर्गात हे कुणालाच चटकन पटत नाही, पण करून बघा.

पत्त्यांचं उदाहरण तुम्ही केलंच असेल. 52 पत्त्यांतून दोन एक्के काढायचे: पहिला परत ठेवून पिसला तर 1/13 × 1/13 = 1/169, न ठेवता काढला तर 4/52 × 3/51 = 1/221. पण यातून 'आधीची घटना नंतरचीवर परिणाम करते' असा समज होतो, तो अर्धवट आहे. पहिला पत्ता पालथाच ठेवा, दुसरा उघडा. तो एक्का निघाला, तर पहिला एक्का असण्याची संभाव्यता 1/13 वरून 1/17 वर येते. नंतरच्या पत्त्यानं आधीच्याला काही केलेलं नाही, फक्त आपली माहिती बदलली.

कारण नसतानाही परावलंबन असतं, हे आपल्या नद्यांवरून बघा. कासारी आणि भोगावती कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला मिळतात आणि पुढं पंचगंगा होते. या संगमाआधी कासारीचं पाणी भोगावतीत जात नाही की भोगावतीचं कासारीत. तरी एकीला पूर आलाय म्हटल्यावर दुसरीचं काय, हे कुणी वेगळं विचारत नाही, कारण दोघी सह्याद्रीवरच्या त्याच पावसानं भरतात. समजा, जुलैतल्या एखाद्या दिवशी प्रत्येकीला पूर असण्याची संभाव्यता 1/10 धरली. दोघींना एकदम पूर असण्याची 1/100 काढून मोकळे झालात, तर पंचगंगेकाठचा माणूस हसेल. खरा आकडा 1/10 च्या कितीतरी जवळ असणार. सरळ गुणाकार फक्त स्वतंत्र घटनांचा. नाहीतर अ ची संभाव्यता गुणिले, अ घडल्यावरची ब ची.

उलटी चूकही होते, आणि ती महागात पडते. 1913 साली माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर, म्हणजे लाल-काळ्या खान्यांच्या फिरत्या चक्रावरच्या जुगारात, ओळीनं 26 वेळा काळा रंग आला. 'आता तरी लाल येणारच' म्हणून लोक लालवर पैसे लावत गेले आणि बुडाले. चक्राला मागचं काही आठवत नसतं, त्यामुळं एकच शून्य असलेल्या चक्रावर (18 काळे, 18 लाल आणि शून्याचा एक, असे 37 खाने) 27 व्या वेळीही काळ्याची संभाव्यता 18/37 च.