एका बाजूची शिट्टी

जळगाव-धुळ्याकडे डॉक्टर म्हणून पोस्टिंग मिळालंय ना, मग शेंगदाण्याशी तुझी गाठ पडणारच. शेंगा फोडायला सगळं घर बसतं आणि दीड-दोन वर्षांचं पोर गुपचूप दाणा तोंडात टाकतं, तो कधी श्वासनलिकेत जाऊन अडकतो. आठ दिवसांनी आई खोकला म्हणून घेऊन येते. 'काय व्हयनं?' (काय झालं?) एवढंच विचारून थांबू नको. खेळता-खाता अचानक ठसका लागून पोर काळंनिळं पडलं होतं का, ते विचार. हा प्रश्न स्टेथोस्कोपपेक्षा जास्त पकडतो.

मग दोन्ही बाजू निवांत ऐक. एकाच बाजूला हवा कमी जात असेल किंवा श्वासात शिट्टीसारखा आवाज असेल (बहुधा उजवीकडे, तिथली श्वासनलिकेची शाखा रुंद आणि सरळ), तर वाफ नि अँटिबायोटिक देऊन घरी धाडू नको. एक्स-रेत दाणा दिसत नाही. फिल्म साफ आली म्हणून मीही एकदा फसलोय. ब्राँकोस्कोपीची (श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघण्याची) सोय असेल तिथे लगेच पाठव. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, अडकलेलं आणखी आत जातं.

नाकाच्या एकाच पुडीतून घाण वासाचा शेंबूड आला, तर आत मणी, स्पंज, हरभरा काहीतरी आहे असंच धर. बटण बॅटरी असेल तर घड्याळ बघ, दोन तासांत ती आतलं जाळते. तिथे थेंबही टाकायचे नाहीत.

कानात कोमट तेल? जिवंत किडा असेल आणि पडदा शाबूत असेल तरच.