हिरडीसाठी स्वतःचेच रक्त

प्रश्न : माझे वय ५२ आहे. हिरडी दातापासून सुटून खालचे हाड झिजले आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी माझेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्याचा गोळा आत ठेवणार असल्याचे दंतवैद्यांनी सांगितले. त्यातील ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणजे काय? शेजारच्या दाढेची नस मेली आहे; तिलाही हा उपाय चालेल का? खर्रा मी आता कमी केला आहे.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले प्रथिनरूपी निरोप : इकडे या, विभाजित व्हा, तंतू विणा, नवी रक्तवाहिनी फुटू द्या. रक्तातील प्लेटलेटमध्ये त्यांचा साठा असतो. २००१ साली फ्रान्समध्ये शुक्रून यांनी मांडलेल्या पद्धतीत, गोठण रोखणारे रसायन न मिसळता रक्त लगेच १०-१२ मिनिटे फिरवतात. त्यातून फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धागेदार प्रथिनाचे, जाळे तयार होते आणि त्यात अडकलेल्या प्लेटलेट आपले घटक आठवडाभर हळूहळू सोडत राहतात. हाडातील खोल खळग्यांत नुसत्या सफाईपेक्षा सफाई आणि हा गोळा या जोडीचा गुण अधिक येतो. मात्र सगळे हाड पूर्ववत होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

नसेची, म्हणजे दंतमज्जेची, गोष्ट निराळी आहे. दात घडत असतानाच टीजीएफ-बीटासारखे ग्रोथ फॅक्टर डेंटिनमध्ये, म्हणजे नसेभोवतीच्या दाताच्या कठीण थरात, कोंडले जातात. उघड्या पडलेल्या जिवंत नसेवर कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा एमटीए हे दंतवैद्यकीय सिमेंट लावले की ते मोकळे होतात आणि त्यांच्या सांगण्यावरून नसेतील पेशी नव्या डेंटिनचा पडदा घालतात. मेलेल्या नसेत मात्र हा निरोप ऐकायला पेशीच उरलेल्या नसतात. मुलांमध्ये मुळाचे टोक रुंद उघडे असते, त्यामुळे तेथून मुद्दाम रक्त आत आणून मूळ वाढवण्याचा प्रयत्न करता येतो, पण तेव्हाही तयार होणारी ऊती बहुधा खरी दंतमज्जा नसते. आपल्या वयात हे टोक बारीक झालेले असल्याने त्या दाढेसाठी रूट कॅनाल हाच सरळ मार्ग आहे.

आता खर्ऱ्याविषयी, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या त्या मिश्रणाविषयी, कारण आपण तो ओझरता उल्लेखला असला तरी माझ्या मते प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते आणि हिरडीतील तंतू विणणाऱ्या पेशींना मंद करते. सुपारी तर तोच टीजीएफ-बीटा गालाच्या आतल्या अस्तरात अवाजवी चेतवते. तेथे तंतूंची दाटी होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. जो घटक दाताची डागडुजी करतो, तोच चुकीच्या जागी जबडा आवळतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी खर्रा पूर्ण थांबवावा, रक्तातील साखर तपासून घ्यावी आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती परस्पर बंद न करता दंतवैद्यांना आधी सांगावे.