साठ दिवसांचा वटाणा फेब्रुवारीत पेरावा का?

प्रश्न : आमच्या शिरपूरच्या घरामागे दहा बाय आठ फुटांची जागा आहे. नोव्हेंबरअखेर अर्केल जातीचा वटाणा लावला होता. दोन तोडे झाले, वेलांवर अजून शेंगा आणि थोडी फुलं आहेत. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की १८ एप्रिलला आम्ही शिमला-मनालीला निघणार आहोत, वाटेत दोन दिवस दिल्लीला नणंदेकडे मुक्काम. घरी परतायला मे उजाडेल. बियाण्याच्या पाकिटावर ‘साठ दिवसांत तोडणी’ असं छापलंय. १० फेब्रुवारीला पुन्हा पेरला तर निघायच्या आठवडाभर आधी शेंगा हातात येतील आणि नणंदेला दोन-तीन किलो नेता येतील, असा माझा हिशेब आहे. जमेल ना?
– एक वाचक भगिनी, शिरपूर

उत्तर : ताई, बेरीज बरोबर आहे तुमची. पण पाकिटावरचे ते साठ दिवस थंडीचे आहेत. १० फेब्रुवारीला पेरलेल्या वटाण्याला फुलं येणार मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि तोवर शिरपुरात दुपारचा पारा पस्तिशी ओलांडून गेलेला असतो. तिशीच्या वर गेलं की वटाण्याची फुलं गळायला लागतात. चुकून धरल्याच शेंगा, तर त्यात दोन-तीन दाणे, तेही निबर.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये होतो तेव्हा उरलेलं मूठभर बी महाशिवरात्रीला टाकलं होतं. अमळनेरच्या माझ्या सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, “थंडी गयी, वटाना गया.” मी ऐकलं नाही. वेल गुडघ्याएवढे झाले आणि बुडापासून पिवळे पडत वर गेले. सकाळी पांढरी फुलं मोजायची, दुसऱ्या संध्याकाळी ती आळ्यात पडलेली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून दोन वेळा द्यायला लागले. त्याने मुळंच कुजली. सगळ्या वाफ्यातून अकरा शेंगा निघाल्या. आकडा लक्षात आहे, कारण त्या एका वेळच्या पोह्यांनाही पुरल्या नाहीत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पोह्यांकडे बघितलं.

तेव्हा पुन्हा पेरू नका, आहेत त्या वेलांकडून काढून घ्या. आज दिसणाऱ्या फुलाची शेंग साधारण तीन आठवड्यांत तोडायला येते, म्हणजे तुमचा वाफा फेब्रुवारीअखेरपर्यंत चालेल. दर तिसऱ्या दिवशी तोडा करा. वेलावर शेंगा पिकायला लागल्या की वेल नवीन फुलं धरत नाही, त्याच्या लेखी काम झालेलं असतं. शेंग भरलेली पण तुकतुकीत हिरवी हवी. साल फिकट होऊन जाळीदार दिसायला लागली, तर समजा उशीर झाला. एका हाताने वेल धरा, दुसऱ्याने शेंग तोडा. नुसती ओढली तर वेल मुळासकट हातात येतो, पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळक्या काड्यांचा) आधार दिलेला असला तरी. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. या टप्प्यावर औषध मारत बसू नका, खराब पानं काढा आणि पाणी बुडाशी द्या.

तोडल्यावर वटाणा तास-दोन तासांत सोला. तोडल्या क्षणापासून त्यातली साखर पिठूळ व्हायला लागते, आणि उष्ण स्वयंपाकघरात ते भराभर होतं. अर्केलचं वाळलेलं बी सुरकुतलेलं असतं ना, त्याची गोडी त्या सुरकुतीशीच जोडलेली आहे: साखरेचं पीठ करण्यात हा दाणा जरा कच्चा. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने १८६६ साली छापलेल्या निबंधात गोल आणि सुरकुतलेल्या वटाण्यांचाच तर हिशेब मांडला होता.

घरात खाऊन उरेल तो फ्रीझरमध्ये ठेवा. एक किलो शेंगांतून अर्धा किलोच्या आतच दाणे निघतात, त्यामुळे फार मोठं काम नाही. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर कोरडे करून पिशवीत. पण तुम्ही दोन-तीन आठवडे घरी नसणार, आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे वीज किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. निघताना फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपया ठेवा. परत आल्यावर रुपया बर्फाच्या आत गेलेला दिसला, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. मग तो वटाणा खायचा नाही. खरं तर निघण्याआधीच संपवलेला बरा.

शेवटच्या पंधरा-वीस चांगल्या शेंगा मात्र तोडू नका. वेलावरच वाळू द्या, हलवल्या की खुळखुळल्या पाहिजेत. अर्केल संकरित नाही आणि वटाण्याचं फूल स्वतःचं स्वतःच फळतं, त्यामुळे हेच बी पुढच्या हिवाळ्यात तसंच उगवेल. दाणे सावलीत आणखी आठवडाभर सुकवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. किड्याची धास्ती असेल तर बरणी फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे.

वेल काढताना मुळं जमिनीतच राहू द्या, वरून कापा. मुळांवरच्या गाठींतला नत्र पुढच्या भाजीला मिळतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिथे तांदुळजा टाका. महिनाभरात कापायला येतो, ऊन सोसतो, आणि तुमच्या जाण्याआधी दोन कापण्या सहज होतात. गवार-चवळीचा मोह टाळा. तुम्ही मनालीत असाल आणि शेंगा इथे निबर होत राहतील, शेजारीण रोज तोडायला येणार आहे का? त्यापेक्षा वाफा एकदा खणून मे महिनाभर तापू द्या.

राहिल्या नणंदबाई. वटाण्याची त्यांना पंचाईत नसते. उन्हाळ्यात दिल्लीच्या बाजारात हिमाचलचा वटाणा येतो. लाहौलमध्ये तर बर्फ वितळल्यावर पेरतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये तोडतात, कारण आपली जानेवारी त्यांच्याकडे तेव्हा असते. मनालीच्या वाटेवर कुणाच्या वाफ्यात वेल दिसले तर थांबून बघा, मुलांनाही दाखवा. दिल्लीला न्यायला मार्चमध्ये ज्वारीचे बिबडे, म्हणजे आपले खानदेशी पापड, करून ठेवा. त्यांना ऊनच लागतं, आणि रेल्वेत खराबही होत नाहीत.

पुढच्या वर्षीचा वटाणा दोन हप्त्यांत पेरा, पहिला ऑक्टोबरच्या शेवटी आणि दुसरा पंधरा दिवसांनी. नोव्हेंबरअखेर म्हणजे तुम्हाला यंदाही थोडा उशीरच झाला होता.