इसार घेण्याआधी तपासणी पुरी करा

काका, तुमचा मुलगा २७ वर्षांचा, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. प्लीहा वाढलेली, प्लेटलेट कमी. आधी ब्लड कॅन्सरची शंका आली, मग बोनमॅरो पाहून डॉक्टरांनी 'गौशे' आजाराचं नाव घेतलं. तुमचा विचार असा की खानापूरची रस्त्याकडची दोन एकर ६० लाखांना द्यावी, पैसे सोसायटीत (पतसंस्थेत) १० टक्क्यांनी ठेवावेत आणि व्याजावर औषध चालवावं. तुमची घालमेल कळते, पण आत्ता जमीन विकू नका.

या आजारात एक एन्झाइम कमी पडतं, त्यामुळे चरबीसारखा पदार्थ प्लीहा, यकृत आणि हाडांच्या मगजात साठत जातो. पक्कं निदान रक्तातल्या पांढऱ्या पेशींतलं ते एन्झाइम मोजून होतं, जोडीला जनुकीय तपासणी. तो रिपोर्ट तुमच्याकडे अजून नाही, आणि औषध कोणतं हे त्यावरच ठरणार. दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून एन्झाइम द्यायचं ठरलं तर डोस वजनावर असतो. मोठ्या माणसाचा तो खर्च दोन एकरांत भागत नाही. या आजाराचा 'टाइप १' हा प्रकार असलेल्या प्रौढांना एलिग्लुस्टॅटच्या गोळ्या चालू शकतात. शरीर हे औषध कसं पचवतं याची वेगळी जनुकीय चाचणी आधी करतात. भारतात ते तयार होऊ लागल्यावर वर्षाचा खर्च १.८ ते ३.६ कोटींवरून ३ ते ६ लाखांवर आला, असं केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने २०२३ मध्ये सांगितलं.

आता तुमचा हिशोब. ६० लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाला ६ लाख येतात, म्हणून तो जमल्यासारखा वाटतो. पण ५ लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकेतल्या ठेवीला असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. सोसायटी अडचणीत आली तर जमीनही गेली आणि औषधही थांबलं. बँकेत ७ टक्के धरले तर ४.२ लाखच हाती येतात. औषध जन्मभराचं आहे, भाव वाढू शकतो, व्याज तेवढंच राहील. शिवाय उसाचं बिल बंद होईल, ते वेगळंच.

म्हणून आधी सरकारी दार ठोठावा. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात गौशे आहे. त्यासाठी नेमलेल्या उपचार केंद्रात नोंद झाली की ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, केंद्रामार्फत उपचारावर खर्च होतात. बंगळूरला ह्यूमन जेनेटिक्सचं केंद्र आहे, मुंबईला केईएम रुग्णालय. दोन्हीकडे चौकशी करा, वेळ लागेल हे धरूनच. बाहेरून औषध मागवावं लागलं तर या धोरणातल्या आजारांच्या औषधांना, स्वतःच्या वापरासाठी, एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे; त्यासाठी सिव्हिल सर्जनसारख्या अधिकाऱ्याचा दाखला लागतो.

मुलाचा पगार २१ हजारांच्या आत असेल तर त्याचं ईएसआय (कामगार विमा) कार्ड चालू आहे का, हे याच आठवड्यात पाहा. आजारपणामुळे त्याने घाईने राजीनामा देऊ नये, एवढं मात्र बजावून सांगा. तुमच्या धाकट्या मुलीचीही तपासणी करा. भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते.

प्रवास आणि तपासण्यांना पिग्मीचे पैसे वापरा, कमी पडले तर बँकेत थोडं सोनं तारण ठेवा. रिपोर्ट, केंद्राचं उत्तर आणि ईएसआयचं उत्तर, तिन्ही कागद हाती आल्यावरही खड्डा उरला तर अर्धा एकर विकण्याचं बघू. तोवर गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी इसार घेऊ नका.