नाव वेगळं, लॅपटॉप तोच?

प्रश्न : एमजी रोडला एका दुकानात कधी न ऐकलेल्या ब्रँडचा गेमिंग लॅपटॉप दाखवला, म्हणे आतून क्लेव्होच आहे, मग क्वालिटी सेम असते का? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बॉडी, मदरबोर्ड, कूलिंग बहुतेकदा सेमच, कारण तैवानची क्लेव्हो किंवा चीनची टोंगफांग मशीन बनवते आणि जर्मनीचा एक्सएमजी, अमेरिकेचा सेजर असे ब्रँड आपलं नाव लावून विकतात. पण रॅम, एसएसडी, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारी), बायोस (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) ज्याचं त्याचं, खरा फरक तिथंच पडतो. आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपमध्ये ३५ ते ११५ वॉट यात कुठेही सेट केलेलं असू शकतं, वॉट कमी तर स्पीडही कमी, म्हणून वॉट विचाराच! आणि मे महिन्यात फॅन गेला तर पार्ट कोण देणार ते बिलावर लिहून घ्या, नुसतं तोंडी नको.