लस घेतल्यावर डोळा अंधुक

प्रश्न : वहिनीने (वय ३४) फ्लूची लस घेतली. बाराव्या दिवसापासून उजवा डोळा फिरवला की दुखतो, दोन दिवसांत दिसणंही धूसर झालं. डॉक्टर म्हणाले, पडदा ठीक आहे. केमिस्टने स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्यात. हे लसीमुळेच झालं का? पुढच्या लशी बंद करायच्या का?
— एक वाचक, कळवा (ठाणे)

उत्तर : आधी त्या गोळ्या बाजूला ठेवा. लक्षणं ऑप्टिक न्यूरायटिसची, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज आल्याची दिसतात. तीनपैकी दोन रुग्णांत ही सूज डोळ्याच्या गोळ्याच्या मागे, नसेत असते, त्यामुळे 'पडदा ठीक' म्हणून विषय संपत नाही. वहिनींना बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्याने बघायला सांगा. उजव्या डोळ्याला ते धुऊन विटलेल्या साडीसारखं फिकट दिसलं, तर संशय पक्का होतो. आजच नेत्रतज्ज्ञांकडे किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जा. टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवून बाहुली बघायची तपासणी थेंब घालायच्या आधीच करायला सांगा. थेंबांनी बाहुली मोठी झाली की ती खूण हातची जाते.

एमआरआय नुसत्या मेंदूचा नको, डोळ्यांच्या खोबणीचाही हवा, कॉन्ट्रास्ट (सूज उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन. एक्यूपी-४ आणि मॉग अँटीबॉडी (शरीराच्या स्वतःच्याच पेशींवर उलटणारी प्रतिपिंडं) तपासण्यासाठीचं रक्त शक्यतो स्टेरॉइडआधी द्यावं, पण रिपोर्टसाठी उपचार अडवू नयेत. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सहसा रोज १ ग्रॅम, शिरेतून, ३ ते ५ दिवस देतात. शुगर आणि बीपीवर लक्ष ठेवून. केमिस्टच्या गोळ्यांना नाही का म्हटलं? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत नुसत्या प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्या (वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम) घेतलेल्यांना हा त्रास पुन्हा जास्त वेळा झाला. शिरेतल्या औषधाने नजर लवकर परतते. एक्यूपी-४ पॉझिटिव्ह आला तर मात्र प्रकरण वेगळं. तिथे प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव भाग) बदलण्याचा विचार लवकर करावा लागतो.

राहिली लस. लशीनंतर काही आठवड्यांत असं झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत, पण मोठ्या अभ्यासांत फ्लूच्या लसीने धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. हा आजार मुळात २० ते ४० वयाच्या बायकांत जास्त. एकट्या वहिनींच्या बाबतीत कारण सांगणारी तपासणी नाही. तरी नोंद करावीच: लस दिलेल्या दवाखान्यात किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, नाहीतर १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर. बॅच नंबर हाताशी ठेवा.

पुढच्या लशी सरसकट बंद करू नका, अँटीबॉडीचे रिपोर्ट आल्यावर न्यूरॉलॉजिस्टला विचारा. स्टेरॉइडचा मोठा डोस झाल्यावर गोवर-रुबेलासारखी जिवंत लस मात्र महिनाभर तरी पुढे ढकलतात.