ओट्याचा काळा ग्रॅनाइट आणि विहिरीचा दगड

प्रश्न : आमच्या आवारात विहीर खणताना वर जांभा, त्याखाली पांढरट-तांबूस चिकणमाती आणि तळाशी काळवत्री दगड लागला. या दगडाला बारीक भोके असून काहींत पांढरे स्फटिक आहेत. हे सगळे अग्निजन्य खडकच ना? आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलेला काळा ग्रॅनाइट याच जातीचा समजावा काय? — एक वाचक, गुहागर

उत्तर : विहिरीतील थरांपैकी अग्निजन्य म्हणता येईल असा एकच, तो म्हणजे तळचा काळा दगड, अर्थात बेसाल्ट. जांभा हा त्याच बेसाल्टाचा उष्ण व पावसाळी हवामानात प्रदीर्घ काळ कुजून झालेला अवशेष आहे; पाण्याबरोबर सिलिका (सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे संयुग) निघून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, म्हणून तो तांबडा दिसतो. मधली चिकणमाती ही त्या बदलाची अर्धवट अवस्था होय. खाणीतून काढताना मऊ असलेला जांभ्याचा चिरा हवेत कठीण होतो, हे आपल्याकडच्या गवंड्यांना सांगावे लागत नाही.

शिलारस थंड होऊन घट्ट झाला की अग्निजन्य खडक तयार होतो. तो जमिनीखाली खोलवर निवाला, तर थंड होण्यास हजारो-लाखो वर्षे लागतात, स्फटिकांना वाढण्यास अवधी मिळतो आणि खडक डोळ्यांना दिसेल इतका रवाळ होतो. भूपृष्ठावर येऊन लाव्हा झाला, तर तो लवकर निवतो आणि कण इतके सूक्ष्म राहतात की भिंगाशिवाय ते वेगळे ओळखता येत नाहीत. फारच झटकन निवल्यास स्फटिकच बनत नाहीत आणि काच तयार होते. म्हणून दगडाचा पोत पाहिला की तो कुठे निवाला याचा अंदाज येतो. तो मुळात कशाचा बनला आहे हे मात्र त्यातील खनिजे आणि सिलिकेचे प्रमाण सांगतात. बेसाल्टात सिलिका साधारण 45 ते 52 टक्के असते, ग्रॅनाइटमध्ये बहुधा 65 टक्क्यांहून अधिक. पहिल्यास अल्पसिलिक म्हणतात, दुसऱ्यास अम्लधर्मी. या नावाचा चवीशी अथवा लिंबाच्या रसाशी काही संबंध नाही, ही जुनी रासायनिक समजूत नावापुरती टिकून राहिली आहे.

या दोन कसोट्या एकत्र केल्या की जोड्या लागतात. बेसाल्ट ज्या रसातून झाला, तोच रस खोलवर सावकाश निवता तर गॅब्रो झाला असता. आणि ग्रॅनाइटचा रस भूपृष्ठावर येता तर त्याचा रायोलाइट झाला असता. सिलिकेच्या प्रमाणात त्यांच्या मधे अँडेसाइट आणि त्याचा रवाळ भाऊ डायोराइट येतात.

आता भोकांबद्दल. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर भेगांमधून लाव्हा वारंवार पसरला आणि त्याचे थर एकावर एक साचले. सह्याद्रीत काही ठिकाणी त्यांची एकूण जाडी एक किलोमीटरहून अधिक आहे. प्रत्येक प्रवाहातील वायूचे बुडबुडे वर चढत आणि वरची साय घट्ट होताच तिथेच अडकत, त्यामुळे आपण बहुधा एखाद्या प्रवाहाच्या माथ्यावर खणत आहात. पुढील काळात खडकातून फिरणाऱ्या उष्ण पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजे भरली. आपले पांढरे स्फटिक त्यांपैकीच असावेत.

ओट्याच्या दगडाचे उत्तर थोडे गमतीचे आहे. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा दगड पुष्कळदा ग्रॅनाइट नसतो, तर गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. डोलेराइट म्हणजे बेसाल्टाच्याच रासायनिक जातीचा, परंतु भूपृष्ठाच्या खाली भेगांत निवलेला आणि त्यामुळे मध्यम कणांचा खडक. अशा भेगा आपल्या किनाऱ्यालगतही आहेत. ओहोटीच्या वेळी बेसाल्टाच्या खडपांतून एखाद्या सरळ भिंतीसारखी जाणारी वेगळ्या पोताची पट्टी दिसली, तर ती बहुधा अशीच भरलेली भेग असते. दुकानदाराने काहीही म्हटले असले, तरी ओट्याचा दगड आणि विहिरीचा दगड यांचे नाते जवळचे असण्याचा संभव बराच आहे. घरी पडताळायचे असल्यास पॉलिश नसलेली तुटकी कड भिंगाखाली पाहावी: काचेसारखे चमकदार क्वार्ट्झचे (गारगोटीचे) कण आणि पांढरट किंवा गुलाबी फेल्स्पार या खनिजाचे कण भरपूर दिसले, तरच तो खरा ग्रॅनाइट. कोकणात ग्रॅनाइटच्या जातीचे, लाव्हाच्या थरांहून कितीतरी जुने खडक पाहायचे, तर मात्र दक्षिणेस सिंधुदुर्ग जिल्ह्यात जावे लागेल.